आगरातला डीपी: कामाच्या नोंदी

वकील मित्राने पहिल्याच फोनवर सांगितलं, "तारखेनिशी लिहून ठेव, नंतर आठवत नाही." म्हणून ही वही, आमच्या आगरात (नारळ-सुपारीच्या बागेत) न विचारता येऊ घातलेल्या डीपीची, म्हणजे दोन खांबांवरच्या ट्रान्सफॉर्मरची. निम्मं मोबाईलवर टाइप केलंय, थोडं एसटीत, त्यामुळे अक्षराची नाही पण भाषेची वाट लागलेली आहे.

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

दसऱ्याला घरी आलोय. सकाळी सुपारी कितपत धरलीय बघायला आगरात गेलो तर जमिनीत चार खुंट्या, डोक्याला लाल रंग. एक थेट विहिरीच्या काठापासून सात-आठ पावलांवर. आधी वाटलं पोरांचा खेळ. बाबांना विचारलं तर म्हणे परवा वायरमन आला होता, बरोबर दोघं अनोळखी, टेप धरून मापं घेत होते, सर्व्हे आहे म्हणाले.

"कसला सर्व्हे ते विचारलंत?"

"आपला जुना खांब बदलायचाय असं वाटलं मला. चहा दिला, गेले."

चहा दिला! असो. दुपारी मीच टेप घेतला. खुंट्या एका रेषेत धरल्या तर ती रेषा रस्त्यावरच्या ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) खांबापासून निघून गडग्यावरून (दगडी कुंपणावरून) आगरात शिरते, आंब्याच्या दोन कलमांच्या मधून जाते, नारळांच्या पुढ्यातून विहिरीपाशी येते आणि तिथे दोन खुंट्या जवळजवळ. दोन खांब जवळजवळ म्हणजे डीपी, एवढं मला कळतं. घराच्या मागच्या भिंतीपासून रेषा साडेतीन मीटरवर. त्या बाजूला दहा फुटांची खोली काढायची असं तीन वर्षं चाललंय, आईच्या गुडघ्यांमुळे खालीच संडास-बाथरूम हवंय म्हणून.

१४ ऑक्टोबर, सोमवार

वीज कंपनीच्या सेक्शन ऑफिसला गेलो. जेई (ज्युनिअर इंजिनिअर) साहेब तरुण आहेत, बोलायला बरे. वरच्या वाडीला व्होल्टेज मिळत नाही, जुन्या ट्रान्सफॉर्मरवर लोड जास्त झालाय, म्हणून ६३ केव्हीएचा नवीन मंजूर आहे. लाईन सगळ्यात जवळून जाते ती तुमच्या आवारातून, एकूण चार पोल, त्यातले दोन डीपीचे.

मी म्हटलं, साहेब पण आम्हाला विचारलं कोणी. तर म्हणाले, "सरकारी योजनेचं काम आहे, ते अडवता येत नाही." नकाशा मागितला, तो ठेकेदाराकडे. एस्टिमेट मागितलं, ते वरच्या ऑफिसला. शेवटी म्हणाले की आज-उद्यात आचारसंहिता लागतेय, निवडणूक होईपर्यंत तसंही काही हलणार नाही, तुम्ही कशाला टेन्शन घेता.

इथे एक लिहून ठेवतो, कारण गावात उद्या कोणीतरी म्हणणारच. आम्ही लाईटच्या विरोधात नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमच्या आगरातले अकरा नारळ आडवे झाले, गावातले खांब काडेपेटीतल्या काड्यांसारखे पडले आणि आई-बाबांनी पाच आठवडे अंधारात काढले. वायरमन पावसात चिखलात खांब ओढत होते ते बाबांनी बघितलंय, म्हणूनच तर आपोआप चहा दिला जातो.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार, ठाणे

मित्राशी तासभर फोन. जे कळलं ते माझ्या भाषेत.

वीज कायदा २००३, कलम ६७. त्याखाली केंद्राचे २००६ चे नियम आहेत, लायसन्सधारकाच्या कामांचे. त्यातला नियम ३ आमच्या कामाचा. ज्या जमिनीत कंपनीने आधीपासून कायदेशीररीत्या लाईन टाकलेली नाही तिथे नवीन खांब, तार किंवा ताण (खांब ओढून धरणारी तार) टाकायचा तर मालकाची किंवा राहणाऱ्याची आधी संमती हवी. मालकाने हरकत घेतली तर कंपनीने जिल्हाधिकाऱ्यांची (शहरात पोलीस आयुक्तांचीही चालते) लेखी परवानगी आणायची. म्हणजे "अडवता येत नाही" हे अर्धंच खरं. मी कायमचं अडवू शकत नाही, पण हरकत घेतली की परवानगीसाठी धावपळ करायची पाळी त्यांची, माझी नाही. आणि जिल्हाधिकारी परवानगी देताना दोन्ही बाजूंचं ऐकून भरपाई ठरवतात, किंवा वार्षिक भाडं, किंवा दोन्ही. भाडं! गावात दर दोन शेतांआड खांब आहे, वर्षाचं भाडं मिळालेला माणूस मी आजवर बघितलेला नाही.

एक फट आहे. कलम १६४ खाली सरकार आदेश काढून एखाद्या कंपनीला १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातले अधिकार देऊ शकतं. ते असले की संमती लागत नाही, फक्त कमीत कमी नुकसान करायचं आणि भरपाई द्यायची. मोठमोठ्या टॉवरच्या लाईनी तशाच जातात. तेव्हा तुमच्या कामाला तसा आदेश आहे का ते लेखी विचार, म्हणाला.

अंतराचं पण विचारलं. ११ केव्हीची तार इमारतीपासून आडव्या अंतरात निदान १.२ मीटर हवी आणि छपरावरून जात असेल तर ३.७ मीटर उंच. आज आमचं घर साडेतीन मीटरवर आहे म्हणजे नियमात बसतं. खोली काढली की भिंत तारेपासून अर्ध्या मीटरवर, म्हणजे खोली विसरा. नियम आजचं घर बघतो, मनातलं घर नाही. म्हणून हरकतीत खोलीचं लिहायचंच.

आणि नारळांचं या अंतराच्या नियमात नाही पण ते सगळ्यात मोठं. पन्नास फुटी नारळ तारेच्या बाजूला ठेवतच नाहीत, आज नाही तर पहिल्या मान्सूनपूर्व छाटणीला ते जाणार.

२० ऑक्टोबर, रविवार

हरकतीचं पत्र लिहिलं, बाबांच्या नावाने कारण सातबारा त्यांचा. पहिला मसुदा चार पानी आणि रागाचा झाला. मित्राने दीड पानावर आणला, "कैफियत नको, मुद्दे लिही." सातबारा, घराचा नमुना ८ चा उतारा, हाताने काढलेला नकाशा, खुंट्यांचे फोटो जोडले. शेवटी एक वाक्य मी हट्टाने ठेवलं: वरच्या वाडीला ट्रान्सफॉर्मर मिळावा ही आमचीही इच्छा आहे, हरकत फक्त जागेला आहे.

२४ ऑक्टोबर

बाबा पत्र घेऊन सेक्शनला गेले, पोच न घेता परत आले. साहेब नव्हते, क्लार्क म्हणाला ठेवून जा. बाबा ठेवून आले. वय ७१, पोस्टात चाळीस वर्षं नोकरी केलेला माणूस, दुसऱ्यांना पोच दिल्याशिवाय पाकीट सोडलं नाही आणि स्वतःच्या आगराच्या वेळी ठेवून आले. मी फोनवर जास्तच बोललो बहुतेक. आईने फोन काढून घेतला.

आज ठाण्यातून तेच पत्र रजिस्टर एडीने तीन ठिकाणी: सेक्शन, सबडिव्हिजन, आणि माहितीसाठी जिल्हाधिकारी कार्यालय.

७ नोव्हेंबर

तिन्ही गुलाबी कार्डं सही होऊन आली. प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात. (यांचा उपयोग पुढे किती झाला ते मला तेव्हा माहीत नव्हतं, ही ओळ नंतर घातलीय.)

२३ नोव्हेंबर

२० ला मतदान झालं, आज निकाल. वाडीतल्या ग्रुपवर गुलाल आणि त्यातच एक मेसेज, "आता डीपीचं काम सुरू होणार!" खाली सतरा अंगठे.

१७ डिसेंबर, मंगळवार

सकाळी साडेदहाला ऑफिसात मीटिंग चालू असताना आईचे चार मिस्ड कॉल. ट्रॅक्टरवरून चार सिमेंटचे पोल आणून फाटकाशी टाकलेत आणि सहा माणसं आगरात शिरलीत. बाबा दवाखान्यात, आई एकटी.

मी फोनवर ऐकतोय, आई स्पीकरवर टाकून बोलतेय.

"कोणाला विचारून आलात?"

"आजी, आम्हाला ठेकेदाराने पाठवलंय."

"मग ठेकेदाराला बोलवा. पाणी हवंय तर पाणी देते, चहा हवाय तर चहा देते, खड्डा मात्र मारायचा नाही."

तोपर्यंत एक खड्डा झालेला होताच. नऊ मीटरचा पोल, उंचीच्या सहाव्या हिश्शाइतका जमिनीत, म्हणजे दीड मीटर खोल. आणि पोल आत ओढायला वाट हवी म्हणून तीन पोफळी (सुपारीची झाडं) तोडल्या. तीन. धरत्या. आई आतून येईपर्यंत आडव्या झालेल्या.

ठेकेदाराचा नंबर मिळवला, त्याला व्हॉट्सॲपवर हरकतीचा आणि एडी कार्डाचा फोटो टाकला, फोन केला. तो खरंच गांगरला, त्याला हरकत आहे हे कोणी सांगितलंच नव्हतं. "दादा, माझ्या वर्क ऑर्डरमध्ये तर जागा क्लिअर लिहिलीय." अकरा चाळीसला माणसं निघून गेली. पोल तिथेच. आईने शेवटी त्यांना चहा दिलाच.

१९ डिसेंबर

रात्रीच्या गाडीने खेडला उतरून एसटीने घरी. खड्डा बघितला, मोठ्या कलमाच्या बुंध्यापासून जेमतेम चार फूट, दोन जाड मुळं कुदळीने तुटलीत. कलम आजोबांनी लावलेलं, त्याला नेमका आता मोहोर फुटतोय.

तलाठ्यांना विनंती करून पंचनामा करून घेतला (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय पण तोंडात तलाठीच येतं). पोफळी ३, आंब्याच्या मुळांना इजा, गडगा सहा फूट पडलेला. दोन पंच, त्यातले एक शेजारचे काका, दुसरे मिळेनात. कोणालाच सही नको. शेवटी वरच्या वाडीतल्याच एका म्हाताऱ्या काकांनी केली. म्हणाले, "लाईट मला पण हवी हाय, पण पोफळी तोडल्या त्या तोडल्याच ना."

आंबा, फणस ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. पोफळ त्या यादीत नाही. म्हणून कदाचित पोफळींवरच हात चालला, किंवा मी उगाच जास्त विचार करतोय, त्या पोरांना कुठली यादी माहीत असणार.

२ जानेवारी २०२५

माहिती अधिकाराचा अर्ज पाठवला. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत हवा, माझा झाला होता ३१०. कापत कापत चार मुद्दे राहिले: मंजूर एस्टिमेट आणि रूटचा नकाशा, आमच्या जमिनीची संमती घेतली असल्यास तिची प्रत, कलम १६४ चा आदेश लागू असल्यास त्याची प्रत, रूट बदलला असल्यास त्याचं कारण. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. चौथा मुद्दा मित्राने घालायला लावला, मला तो फालतू वाटला होता.

२६ जानेवारी, रविवार

ग्रामसभा. याच्यासाठी आलो. चाळीसेक माणसं, एरवी पंधरा येत नाहीत. विषय सातवा असूनही पहिला तोच निघाला.

वरच्या वाडीतल्या एका वहिनींनी सरळ मलाच विचारलं, "तुमच्याकडे फ्रीज चालतो ना? आमच्याकडे संध्याकाळी सातला मिक्सर फिरत नाही, ट्यूब लागत नाही, पोरांचा अभ्यास कसा व्हायचा?" काय बोलणार. त्या खोटं नव्हत्या बोलत. मी सभेआधी त्यांच्याच वाडीत जाऊन आलेलो, पंखा असा फिरत होता की पाती मोजता येतील. मागून एक जण म्हणाला, मुंबईकरांना काय, वर्षातून दोनदा यायचं आणि कायदा सांगायचा. मी ठाण्यात राहतो, पण ते जाऊ दे.

कायदा सांगितलाच नाही मी. टेप घेऊन काढलेला दुसरा रस्ता सांगितला. आमच्या आगरातून लाईन १४० मीटर. रस्त्याकडेने वळसा घालून, पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या) कडेने, पंचायतीच्या जुन्या टाकीशेजारी डीपी धरला तर २३० मीटर. दोन पोल जास्त. पण सगळं पंचायतीच्या जागेत, कोणाची संमती नको, आणि मुख्य म्हणजे डीपी वाडीच्या जवळ जातो. डीपीपासून घरापर्यंत बारीक एलटी (कमी दाबाची) तार जितकी लांब तितकं व्होल्टेज पडतं, हे वायरमनने मला खाजगीत सांगितलेलं. तो सभेत मागे उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं तर तो छपराकडे बघत होता. शेवटी वहिनींनीच विचारलं, "म्हणजे टाकीपाशी झाला तर आम्हाला जास्त चांगलं?" तेव्हा मान हलवली त्याने.

मग खरी अडचण निघाली, जी माझ्या डोक्यातही नव्हती. शिमग्याची पालखी त्या पाखाडीने वर जाते. देवाच्या वाटेवर तार नको. यावर पाऊण तास. कायदा, संमती, भरपाई यावर मिळून दहा मिनिटं झाली असतील, पालखीवर पाऊण तास आणि तेही बरोबरच होतं, पालखी नाचवतात तेव्हा हातांवर किती उंच जाते ते बघितलेल्या माणसाला हे हसण्यावारी नेता येणार नाही. ठरलं असं की खांब पाखाडीला समांतर नाही, रस्त्याच्या बाजूने न्यायचे, पाखाडी फक्त एकदाच ओलांडायची आणि तिथे तारेची उंची मोजून घ्यायची. रस्ता ओलांडताना ११ केव्हीला निदान ६.१ मीटर लागते, तेवढी पाखाडीवर पण हवी. जागेचा ठराव झाला. नऊ जणांनी हात वर केला नाही.

११ फेब्रुवारी

माहिती अधिकाराचं उत्तर आलं, मुदतीनंतर सहा दिवसांनी. अपील करायचं होतं पण उत्तर वाचल्यावर राग दुसरीकडेच गेला. १४ पानं, पानाला २ रुपयेप्रमाणे २८ रुपये.

पान ५. मूळ नकाशा. मूळ लाईन रस्त्याकडेनेच होती! जवळजवळ मी टेपने मोजली तीच. पान ९ वर सुधारित नकाशा, लाईन आमच्या आगरातून, शेरा "अंतर कमी, खर्चात बचत". आणि आमचं आगर त्यात कसं दाखवलंय तर आडव्या रेघा मारून आत लिहिलंय "पडीक जागा". साडेतीनशे पोफळी, सव्वीस नारळ, दोन कलमं, एक विहीर, पडीक.

संमतीच्या रकान्यात "आहे". संमतीची प्रत मागितली होती त्याचं उत्तर "अभिलेखात आढळून येत नाही". दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या सहीखाली. १६४ च्या मुद्द्यावर काहीच उत्तर नाही, तो मुद्दा विचारलाच नव्हता असं.

बाबांना फोनवर वाचून दाखवलं. चहा, संमती वगैरेवर काही बोलले नाहीत. "पडीक" ऐकून मात्र गप्प झाले आणि मग म्हणाले, "कोण होता तो नकाशावाला, त्याला एकदा घेऊन ये, शहाळं पाजतो."

२३ फेब्रुवारी, रविवार

मधलंच एक. दोन पोरं मोटरसायकलवर फायबरचं वेटोळं घेऊन आली, आमच्या गडग्याच्या कोपऱ्यातल्या जुन्या खांबावरून केबल टाकून ती आगरातल्या नारळाला बांधून पुढे न्यायची होती. बाबा आता तयार झालेत. "परवानगीचा कागद?" पोरं म्हणाली काका नेट आहे, लाईट नाही. बाबा म्हणाले नेटलाही आता नवीन कायदा आहे, २०२३ चा, त्याचे नियम १ जानेवारीपासून लागू झालेत, खाजगी जागेत यायचं तर मालकाकडे अर्ज करायचा आणि करार करायचा. हे सगळं मीच त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं, त्यांनी पाठ केलं. पोरं रस्त्याकडेने गेली. दोन दिवसांनी बाबांनी त्यांच्याकडूनच नेटचं कनेक्शन घेतलं.

१२ मार्च, बुधवार

उद्या होळी, अख्खी वाडी गावात, आणि नेमका आज संयुक्त पाहणीचा दिवस. डेप्युटी इंजिनिअर, जेई, ठेकेदार, सरपंच, बाबा, मी आणि न बोलावलेली वीस माणसं. पान ५ आणि पान ९ मी शेजारी-शेजारी धरून डेप्युटी साहेबांना दाखवले. त्यांनी पाच मिनिटं आगर बघितलं, वर नारळांकडे बघितलं, आणि जेईंना म्हणाले, "हे पडीक?" बस्स, तेवढंच. पुढचं सगळं सोपं झालं असं नाही पण सूर बदलला.

रस्त्याकडचा रूट मान्य. त्यांची अट एक. वळणाचा जो खांब आमच्या गडग्याच्या कोपऱ्याशी येतो त्याला ताण द्यावा लागणार आणि ताणाची तार जमिनीत येते ती आमच्या हद्दीत चार फूट आत. नाहीतर तो खांब तारांच्या ओढीने झुकेल. मी बाबांकडे बघितलं, बाबा म्हणाले द्या, तेवढ्याला नाही म्हणू नये.

पण कागदावर दिलं. संमतीपत्र, पाच ओळी: फक्त एक ताण, अमुक जागी, ताणाच्या तारेत इन्सुलेटर जमिनीपासून तीन मीटरच्या वर बसवायचा, इतर कुठलीही लाईन, पेटी, केबल या संमतीत नाही, खड्डा बुजवायचा आणि उरलेले पोल उचलायचे, झालेल्या नुकसानीचा दावा वेगळा चालू राहील. इन्सुलेटरचं मुद्दाम घातलं, कारण तो नसला आणि वर तार तुटून ताणाला टेकली तर खाली बांधलेलं जनावर मेल्याशिवाय कळत नाही. जेईंनी पाचवी ओळ काढायला सांगितली, डेप्युटी म्हणाले राहू दे.

२२ एप्रिल

सुधारित एस्टिमेट मंजूर. ठेकेदाराचा फोन, दादा आता तरी हरकत नाही ना. नाही म्हटलं.

१५ मे

डीपी उभा राहिला टाकीपाशी. पाखाडीवरची उंची मोजायला गुरवांचा मुलगा बांबू घेऊन उभा होता. ठेकेदाराने फाटकाशी पडलेले तीन पोल नेले. चौथा तिथेच, नवीन रूटला दुसऱ्या मापाचे पोल आले म्हणून हा उरला. खड्डाही तसाच.

२६ मे

यंदा पाऊस वेड्यासारखा लवकर. २४ ला केरळ, २५ ला कोकण. आमसुलं अजून वाळायची होती, आईची निम्मी वाया गेली. खड्ड्यात पाणी भरलंय, शेजारच्या पोराचा पाय जाऊ नये म्हणून बाबांनी वर झापं (विणलेल्या झावळ्या) टाकली आणि काठी रोवून तिला लाल फडकं बांधलं. खुंटीचाच लाल रंग होता त्याला, बाबांना ते दाखवलं नाही.

६ जून, शुक्रवार

लाईन चार्ज झाली. संध्याकाळी वरच्या वाडीतून वहिनींचा आईला फोन, मिक्सर फिरतोय. आईने विचारलं काय वाटतेस, तर म्हणे काही नाही, नुसताच फिरवून बघितला.

१० जून

भरपाई. इथे एक गंमत, म्हणजे गंमत नाही. नियम ३ प्रमाणे भरपाई जिल्हाधिकारी ठरवतात ती परवानगीचा आदेश काढताना. आमच्या बाबतीत प्रकरण त्यांच्यापर्यंत गेलंच नाही कारण रूटच बदलला, म्हणजे आदेश नाही, म्हणजे त्यात ठरलेली रक्कम नाही. सबडिव्हिजनच्या पत्रात लिहिलंय की नुकसान ठेकेदाराच्या माणसांनी केलं, त्याच्याकडून घ्या. ठेकेदार म्हणतो मला जागा क्लिअर लिहून दिली होती.

मित्राने कलम ६७ च्या तिसऱ्या पोटकलमावर बोट ठेवायला सांगितलं. कंपनीने किंवा कंपनीने कामाला लावलेल्या कोणीही केलेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई कंपनीनेच द्यायची. ठेकेदार त्यातच आला. आणि यावर वाद झाला तर? पोटकलम चार, तो वीज नियामक आयोगाने ठरवायचा. आयोग मुंबईत, कफ परेडला. तीन पोफळींसाठी कफ परेड. मी हसलो तर मित्र म्हणाला हसू नकोस, आधी ६७ (३) लिहून एक पत्र दे, बरेचदा तेवढ्याने होतं. तालुका कृषी कार्यालयाकडे झाडांच्या मूल्यांकनाचा अर्जही दिलाय. कलमाला यंदा एकाच बाजूने आंबे लागले, मुळं तुटली ती बाजू रिकामी गेली.

१४ जून, शनिवार

आलोय. पत्र स्वतः बाबांनी सबडिव्हिजनला नेऊन दिलं, मी गाडीत बसून होतो. पंचवीस मिनिटांनी बाहेर आले ते दुसरी प्रत वर धरून, शिक्का, तारीख, आवक क्रमांक.

चौथा पोल फाटकाशीच आहे. त्यावर शेवाळ धरायला लागलंय, संध्याकाळी बाबा आणि शेजारचे काका त्यावर बसतात. उचलायचं पत्र वेगळं दिलंय, त्याचीही पोच घेतलीय. ठेकेदार फोन उचलत नाही.